माळ्यावरची रंगपेटी खाली काढा

"ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. लहानपणी दिवेलागणीनंतर ठेचकाळायची, आम्ही धांदरट म्हणून रागवायचो. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा सांगितलं. समोरचं दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं, आणि तेही हळूहळू कमी होईल म्हणाले. ती चित्रं फार छान काढते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला 'ए' ग्रेड. हल्ली रेघ चुकली की कागद फाडते, म्हणून मी रंगपेटी माळ्यावर टाकून दिली. तिला कॉम्प्युटर शिकायचाय, प्रोग्रामिंग करायचंय. क्लासवाले म्हणाले, माऊसचा बाण सापडत नसेल तर आम्ही काय शिकवणार? धाकटे दीर म्हणतात, गाण्याला घाला, अशा मुलांना गळा असतो. तिला गाण्यात रस नाही. मागच्या महिन्यात नाटकाला नेलं. मी शेजारी बसून सगळं कानात सांगत होते. मध्यंतरात म्हणाली, 'आई, गप्प बस ना.' घरी येऊन रडली. आमचं काय चुकतंय?"

– एक आई, सांगली जिल्हा

प्रिय ताई,

तुमचं पत्र माझ्या फोनने मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं ते दिरांच्या वाक्यासाठी. एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने माझी नजर पूर्ण गेली, तेव्हा आमच्या आत्याने आठवड्याच्या आत पेटी आणून दिली होती. "अशांना गळा असतो." मी ठार बेसूर. सहा महिने शेजाऱ्यांनी सोसलं, मग शेवटी त्यांनीच आईला गाठलं. ती पेटी अजून घरात आहे, तिच्यावर मी इस्त्रीचे कपडे रचून ठेवते. डोळे गेले म्हणून गळा येत नाही. अंध माणसं गाण्यात जास्त दिसली, कारण कित्येक वर्षं तेवढंच एक दार त्यांच्यासाठी उघडं होतं. दिरांना एवढं सांगा आणि चहा द्या.

आता तुमच्या पत्राकडे बघू. (हो, 'बघू'च म्हणते. आम्हीही टीव्ही बघतो, नाटक पाहतो. तुमच्या लेकीसमोर हे शब्द चाचरत वापरू नका.) पत्रात मुलीचं म्हणणं दोनच ठिकाणी आलंय. एकदा तिला प्रोग्रामिंग करायचंय तिथे, आणि एकदा 'आई, गप्प बस ना' तिथे. बाकी सगळं इतरांनी ठरवलेलं आहे. क्लासवाल्यांनी काय जमणार नाही ते ठरवलं, दिरांनी काय जमेल ते. आणि रंगपेटी तुम्ही माळ्यावर टाकलीत, मायेने टाकलीत हे मला कळतं. आधी कॉम्प्युटरचं बोलते, मग नाटकाचं, रंगपेटी शेवटी.

क्लासवाल्यांचं म्हणणं साफ चूक आहे. मला माऊस लागतच नाही. विंडोजवर जे माऊसने होतं, त्यातलं जवळपास सगळं कळफलकावरून होतं. टॅब, बाण, एंटर, ऑल्ट, कंट्रोल एवढ्यांवर मी बँकेत वीस वर्षं काढली. ज्याने तुमच्या मुलीसारख्या एकाही विद्यार्थ्याला शिकवलेलं नाही, त्याचं मत घेऊन तुम्ही घरी आलात.

त्यांना पुन्हा भेटलात तर टी. व्ही. रामन यांच्याबद्दल सांगा. पुण्यात वाढले. काचबिंदूने चौदाव्या वर्षी नजर गेली. पुण्यातच वाडिया कॉलेजात गणित शिकले, पुढे मुंबई आयआयटीत कॉम्प्युटर, आणि मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून 1994 साली पीएचडी. सुरुवातीची वर्षं पुस्तकं घरच्यांकडून आणि मित्रांकडून वाचून घ्यावी लागली. पीएचडीसाठी त्यांनी कॉम्प्युटरला गणित बोलायला शिकवलं. लांबलचक समीकरण सपाट सुरात वाचलं, तर अपूर्णांक कुठे संपला आणि घातांक कुठे सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळत नाही. त्यांच्या प्रणालीत घातांक आला की आवाजाची पट्टी बदलायची, आणि वाचणाऱ्याला समीकरणात हवं तिथे शिरता यायचं. पुढे त्यांनी ईमॅकस्पीक नावाचं बोलणारं सॉफ्टवेअर स्वतःसाठी लिहिलं आणि जगाला फुकट दिलं. नंतर गूगलमध्ये गेले. हे सगळं एका माणसाने केलं, आणि बाण कुठे आहे हे त्यांना एकदाही दिसलं नाही.

तुमच्या मुलीला इतकं खडतर जायला नको. साधा विंडोजचा लॅपटॉप घ्या, जुना असला तरी चालेल, आणि त्यात एनव्हीडीए टाका. हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली तो लिहायला घेतला, कारण तेव्हाचे चांगले स्क्रीन रीडर विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. आमच्या बँकेने मला घेऊन दिलेला प्रोग्रॅम माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरहून महाग होता, आणि साहेब ते वरचेवर ऐकवायचे. एनव्हीडीए फुकट आहे, मराठीही वाचतो. सुरुवातीला त्याचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटेल. पंधरा दिवसांत कानाला सवय होते, सहा महिन्यांत ती वेग इतका वाढवेल की तुम्हाला शब्द कळणार नाहीत. माझे यजमान म्हणतात, "तुझा फोन भांडतोय का कुणाशी?"

पहिल्या दिवशी काहीच शिकवू नका. इन्सर्ट आणि 1 ही बटणं एकत्र दाबली की एनव्हीडीए सरावाच्या अवस्थेत जातो. मग कुठलंही बटण दाबा, तो फक्त त्याचं नाव आणि काम सांगतो, प्रत्यक्षात काहीही होत नाही. तिला दोन तास एकटीला खेळू द्या. काही बिघडेल ही भीती गेली की अर्धं काम झालं. पुन्हा तेच दाबलं की सराव बंद.

त्यात पडदा काळा करायचीही सोय आहे, स्क्रीन कर्टन म्हणतात. तिला अजून थोडं दिसतंय, म्हणून ती डोळे ताणून ताणून वाचायचा प्रयत्न करणार आणि कानांना संधीच देणार नाही. रोज अर्धा तास पडदा काळा ठेवून काम करायची सवय आत्ताच लागली, तर पुढे ते शिकणं संकटात शिकल्यासारखं होणार नाही. शिवाय पडदा काळा असला आणि कानात इअरफोन असला की मागून आईला काही वाचता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला तेही हवंच असतं.

आणि ताई, तुम्ही हात मागे बांधून बसा. तिला बटण सापडेना की तुमचा हात पुढे जाणार, "थांब, मी करते." ते तिच्यासाठी कोऱ्या कागदासारखं आहे. तुम्ही केलेलं तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणून ते कधीच शिकता येत नाही. वेळ लागू दे.

फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहेच, अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये. त्याची एक गंमत सांगून ठेवते. काही ॲप उघडलं की तो नुसता म्हणत राहतो, "बटण. बटण. बटण." म्हणजे ॲप बनवणाऱ्याने चित्रं टाकली पण त्यांना नावं दिली नाहीत. पहिल्यांदा असं झालं की तिला वाटेल आपल्यालाच जमत नाहीये. तिला सांगा, दोष तिचा नाही, बनवणाऱ्याचा आहे, आणि तो पाच मिनिटांत दुरुस्त होण्यासारखा असतो. ती प्रोग्रामिंग शिकली तर हा दोष कुणाला तरी बोट ठेवून दाखवेल. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवलाय. उद्या कॉलेजच्या वेबसाइटवर फॉर्म भरता आला नाही, तर 'सोय करून द्या' अशी विनवणी करू नका. न्यायालयाचा निकाल लिहून अर्ज द्या.

मराठी वाचनात आणखी एक अडचण येईल. पुष्कळ मराठी पीडीएफ जुन्या फाँटमध्ये केलेल्या असतात. दिसायला मराठी, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत. स्क्रीन रीडर ते इंग्रजी म्हणून वाचतो आणि भलतंच काहीतरी बरळतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर युनिकोड आहे, म्हणजे आतले संकेतही मराठीचेच; कचरा उमटला तर जुना फाँट. मग शिक्षकांकडे युनिकोडमधली फाइल मागायची, नाहीतर पानांचे फोटो काढून गूगल लेन्ससारख्या सोयीने मजकूर करून घ्यायचा. पुस्तक असं स्कॅन केलं तर गुन्हा होईल का, असं एका वाचकाने मागे विचारलं होतं. नाही होत. 2012 च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत करायची मुभा आहे. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही 2016 पासून आहे. तिचं नाव तिथे घाला.

प्रोग्रामिंगला पायथॉन या भाषेपासून सुरुवात करा. त्यात ओळ किती जागा सोडून सुरू होते याला फार महत्त्व. लोक म्हणतील, ते डोळ्यांशिवाय कसं कळणार? एनव्हीडीएमध्ये त्यासाठी सूर लावता येतात. ओळ जितकी आत, तितका सूर वर. दिरांना सांगा, चढा सूर कळायची गरज निघाली एकदाची. मात्र ठोकळे माऊसने ओढून जोडायचे, अशा मुलांच्या प्रोग्रामिंगच्या खेळांवर वेळ घालवू नका. सरळ कोड टाइप करू दे.

ब्रेल मात्र आत्ताच. यात मी कुणाचं ऐकत नाही. फोन सगळं वाचतो, मग ब्रेल कशाला, असं आमच्यातलीच पुष्कळ मंडळी म्हणतात. नुसतं ऐकून वाढलेल्या मुलांचं मराठी मी तपासलंय. 'आणि'चा णि पहिला की दुसरा हे त्यांना माहीत नसतं, कारण त्यांनी तो शब्द कधी वाचलेलाच नसतो, फक्त ऐकलेला असतो. प्रोग्रामिंगमध्ये तर एक स्वल्पविराम हुकला तरी गाडी अडते. सहा टिंबांची लिपी आहे, दृष्टी थोडी असताना शिकायला सोपी जाते. मराठीसाठीच्या भारती ब्रेलमधला 'क' आणि इंग्रजी ब्रेलमधला 'के' एकच आहेत, त्यामुळे एक शिकली की दुसरीचा बराच भाग हाती येतो. वाचायला 'स्पर्शज्ञान' मागवा. स्वागत थोरात यांनी 2008 साली सुरू केलेलं मराठी ब्रेल पाक्षिक.

आमच्याकडे अंध माणसाला 'प्रज्ञाचक्षू' म्हणायची पद्धत आहे. तो शब्द विदर्भातल्या गुलाबराव महाराजांना शोभला. तान्हेपणीच दृष्टी गेली, 1915 साली चौतिसाव्या वर्षी गेले, आणि मागे शंभरावर ग्रंथ ठेवून गेले. पण त्यांना प्रत्येक ओळीसाठी कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं, कुणाला तरी सांगून लिहवून घ्यावं लागलं. वाचणारा आला नाही तर तो दिवस थांबला. तुमच्या मुलीला रात्री दोन वाजता झोप उडाली तर ती एकटी पुस्तक उघडेल. मला तर या एका गोष्टीचं अप्रूप अजून संपलेलं नाही.

नाटकाकडे येते. तुमची लेक का रडली, ते मला ठाऊक आहे असं मी म्हणणार नाही. पण 'गप्प बस' का म्हणाली, याचा अंदाज आहे. तुम्ही संवादांवर बोलत होतात ना? मराठी नाटक मुळात कानाचं आहे. सगळं शब्दांत चाललेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारून दुसरा आवाज आला तर हातात काहीच लागत नाही. वर्णन करायचं ते संवादांच्या मधल्या फटीत, आणि ऐकून कळत नाही तेवढंच. दार वाजलं तर ते तिला ऐकू आलं. कोण आलं ते बोलला की कळेल. पण तो न बोलता उभा राहिला, तर "धाकटा आलाय, दारातच उभा आहे" एवढं सांगा.

आणि भावना सांगू नका. "तो फार दुखावलाय गं" हे तुमचं मत झालं. "त्याने पत्र चुरगळून खिशात कोंबलं" हे दिसलेलं झालं. तो दुखावलाय की चिडलाय की नाटक करतोय, ते तिचं तिला ठरवू द्या. तिकिटाचे पैसे त्याचेच तर दिलेत. चित्रपटाला ध्वनिवर्णन करणारे लोक हाच नियम पाळतात. दिसलं ते सांगायचं, अर्थ लावायचा नाही. (चित्रपटगृहांसाठी केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये या सोयीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. मराठी चित्रपटांत ती सोय अजून शोधावी लागते.)

पुढच्या वेळी अर्धा तास आधी जा. नेपथ्य लागलेलं असतं. व्यवस्थापकांना विनंती करा, तिसऱ्या घंटेच्या बऱ्याच आधी, तिला दोन मिनिटं रंगमंचावरून फिरू द्या. झोपाळा कुठे, जिना किती पायऱ्यांचा, टेबलाला हात लावून बघू दे. मला एका नाट्यगृहात साफ नकार मिळाला होता, दुसरीकडे खुद्द नायिकेने हात धरून सगळा वाडा दाखवला आणि तो जिना खोटा आहे, वर काही नाही, हे कानात सांगितलं. नकार मिळाला तर तेवढ्यावर सोडून द्या आणि जागेवर बसून नेपथ्य, कपडे, कोण कसं दिसतं हे आधीच सांगून टाका. मग पडदा उघडल्यावर तुम्हाला बोलायला फारसं उरणार नाही. प्रेक्षकांतच बसायला हवं असंही नाही. 'स्पर्शज्ञान'च्या थोरातांनीच अंध कलाकारांना घेऊन नाटकं बसवली आहेत, आणि रंगमंचावर ते कलाकार पावलं मोजत, आवाजाचा अंदाज घेत वावरतात. तिला काम करावंसं वाटलं तर अडवू नका.

आता रंगपेटी. ती तुम्ही तिच्या चिडण्यावरचा उपाय म्हणून काढून ठेवलीत. पण कागद फाडणं हा काही आजार नाही. माझ्या माहितीतले सगळे चित्रकार कागद फाडतात. विनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार. जन्मापासून एका डोळ्याला दिसत नव्हतं, दुसराही अधू. पन्नाशी उलटल्यावर मोतीबिंदूच्या फसलेल्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण अंध झाले. त्यानंतर ते कागद कापून चित्रं करायला लागले, मेणाच्या मूर्ती केल्या, आणि 1972 मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचं मोठं भित्तिचित्र केलं. बोटांनी मोजून, स्पर्शाने आकार जुळवून. साधन बदललं, चित्रकार तोच राहिला.

तुमच्या मुलीला आज थोडं दिसतंय. तोवर जाड काळा मार्कर, पांढरा किंवा पिवळा कागद, बाजूने चांगला उजेड, आणि छोटा कागद. मोठ्या कागदावर तिला एका वेळी नाणं मावेल एवढाच तुकडा दिसत असणार, म्हणून रेघ चुकते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चुकणार नाही. स्पर्शाने काढायचं असेल तर रबरी मॅटवर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवून बॉलपेन दाबून ओढा, रेघ वर उचलली जाते, बोटांना लागते. फेव्हिकॉलची रेघ रात्रभर वाळवली तरी तेच होतं. मी दिवाळीत रांगोळी काढते. आईच्या वेळचा उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद आहे, ठिपके त्याने टाकते आणि जोडते अंदाजाने. रांगोळीला हात लावला की फिसकटते, म्हणून तपासता येत नाही, हा तिचा मोठा अवगुण. दोन ठिपके चुकतातच. नणंदेला ते दिसतात.

आणि तिच्या दोन आवडी वेगळ्या मानू नका. एसव्हीजी नावाची चित्राची एक पद्धत आहे, तीत चित्र लिहितात. वर्तुळ, केंद्र इथे, त्रिज्या एवढी, रंग हा. कागदाचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, तिथून उजवीकडे किती आणि खाली किती, एवढं सांगायचं. साध्या नोटपॅडमध्ये टाइप होतं, ब्राउझरमध्ये चित्र उमटतं. जिने इंटरमिजिएटला स्मरणचित्र आणि संकल्पचित्र काढलंय, तिच्या डोक्यात कागद आखलेलाच आहे. तिने आकडे लिहावेत, तुम्ही पडद्यावर काय उमटलं ते सांगावं. सुंदर झालंय की नाही हे सांगू नका, तो नाटकातला नियम इथेही लागू. "पिवळं वर्तुळ निळ्या पट्टीच्या मागे गेलंय" एवढंच.

राहिले सरकारी कागद. अपंगत्वाचं ओळखपत्र, यूडीआयडी, काढून घ्या. समोरचा तक्ता ती नीट वाचते म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याचं परिशिष्ट दाखवा. त्यात नजरेची तीक्ष्णता हा एकच निकष नाही. दृष्टीचा आवाका चाळीस अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी, दहा अंशांहून कमी असेल तर अंधत्व धरलं जातं. म्हणून आवाक्याची तपासणी, पेरिमेट्री, करून तिचा कागद सोबत न्या. बारावीला लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज कॉलेज उघडताच द्या. आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून कुणाच्या मलमाला, सुईला पैसे घालू नका. या आजाराच्या बहुतेक प्रकारांवर आज खात्रीचा इलाज नाही, पण पूर्ण अंधार व्हायला कित्येकांना दशकं लागतात, काहींना तो होतही नाही.

रंगपेटी खाली काढलीत की ती कुठे ठेवायची ते तिला विचारा. नळ्यांवर ब्रेलच्या पट्ट्या चिकटवायच्या तर तिनेच चिकटवाव्यात.

आणि पुढचं पत्र तिने लिहावं, लॅपटॉपवर, स्वतः टाइप करून. चुका असल्या तर असू देत, दुरुस्त करून पाठवू नका.

तुमची,
ताई